अख्ख्या खोलीचा एकच नंबर

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मी कुत्र्याला भिते, लिफ्टला भिते, आणि तीस वर्षं उदगीरच्या कोर्टात स्टेनोची नोकरी केल्यामुळे पोलिसांना तर चारचौघींपेक्षा जास्तच भिते. कोर्टात बसणाऱ्याला कायदा कळतो, आणि तो कुठे कसा वाकतो तेही कळतं. अशा बाईने आपण होऊन पिंपरी-चिंचवडला जावं आणि चाकणकडच्या एका पोलीस चौकीत खुर्ची ओढून बसावं, हे आमच्या गल्लीत अजून कुणाला खरं वाटत नाही.

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर आम्ही पाच-सहा रिकामटेकड्यांनी मिळून एक निवेदन लिहायला घेतलं होतं. दिल्लीला पाठवायचं. विषय सरकारी पाळतीचा. आज कुणाचा फोन ऐकायचा तर हुकूम सरकारातलाच मोठा अधिकारी देतो, तो हुकूम योग्य होता का हे तपासतात तेही अधिकारीच, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला जन्मात कळत नाही. आमचं म्हणणं साधं होतं. न्यायाधीशाच्या हुकुमाशिवाय कुणाचा फोन ऐकू नये, उघडू नये. उघडलाच तर कुणी आणि कधी उघडला ह्याची नोंद ठेवावी, नंतर त्या माणसाला कळवावं. आणि निरोपांना जे सांकेतिक कुलूप असतं, ज्याच्यामुळे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला ते वाचता येत नाहीत, त्या कुलपाची जादा किल्ली सरकारने मागू नये. हे सगळं आम्ही माझ्या ओसरीवर बसून, चुरमुऱ्यांचा सुशीला खात खात लिहीत होतो. "ह्यात एखाद्या खऱ्या माणसाचा अनुभव घाला, नाहीतर नुसतं प्रवचन वाटतं," असं आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. मी म्हटलं, बघते.

आणि बोलाफुलाला गाठ पडली. चौथ्या दिवशी थेरगावहून माझ्या भाचीच्या, शुभांगीच्या नंबरवरून फोन आला. बोलत होता तिचा धाकटा भाऊ विष्णू. "मावशे, माझा फोन पोलिसांनी ठेवून घेतलाय. तू ये."

मंगळवार, थेरगाव

शुभांगीच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने माझ्या तोंडासमोर पाटीएवढा फोन धरला. "मॅडम, इकडे बघा." मी बघितलं. त्याने फोटो काढला.

"मी चोर आहे का रे बाबा?"

"तसं नाही मॅडम. सगळ्यांचाच काढतो. कामवाल्या मावशींचा तर रोज काढतो."

माझा तो घामेजलेला, बसमध्ये अर्धी झोप झालेला चेहरा माझ्याआधी सातव्या मजल्यावर पोचला होता. शुभांगीने तो बघून "येऊ द्या" असं बटण दाबलं, तेव्हा मी आत गेले. आमच्या उदगीरच्या गल्लीत कोण आलं, कोण गेलं ह्यावर समोरच्या कमळबाई लक्ष ठेवून असतात. पण कमळबाईंच्या तोंडावर दार लावता येतं. आणि त्या विसरतातही.

विष्णू आत पलंगावर बसला होता. सव्वीस वर्षांचा दांडगा मुलगा, पण मला बघून त्याचा चेहरा रडवेला झाला. मी बरोबर आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी त्याच्यापुढे ठेवली. एरवी डबा उघडायच्या आधी चार धपाटे संपवणारा विष्णू, त्याने एक घास तोडला आणि हातातच धरून ठेवला.

विष्णू चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला कंत्राटी कामगार आहे. तिथे मोठ्या यंत्राखाली पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात. त्या यंत्राला एक सेन्सर असतो. कामगाराचा हात आत असला की यंत्र खाली येत नाही. पण त्याने काम सावकाश होतं, म्हणून तो सेन्सर बंद करून ठेवला होता. एका शिफ्टला एका कामगाराची तीन बोटं गेली. कॉन्ट्रॅक्टरने दवाखान्यात लिहून दिलं की ह्याने मोटारसायकलच्या चेनमध्ये हात घातला.

त्याच खात्यात मालाची तपासणी करणाऱ्या एक बाई आहेत. सगळे त्यांना क्वालिटीच्या ताई म्हणतात. त्या कायम नोकरीत. सेन्सर बंद असल्याचं त्यांनी रिपोर्टात तीनदा लिहिलं होतं. त्यांनी त्या पानाचा फोटो आणि आपल्या आवाजात सगळी हकीकत विष्णूला पाठवली. एकट्या विष्णूला. शेवटी म्हणाल्या, "माझं नाव कुठं येऊ देऊ नको. मला दोन लेकरं आहेत." विष्णूने फोटोतली सही कापली आणि तो कामगारांच्या ग्रुपवर टाकला. फोटो फिरला. कॉन्ट्रॅक्टरने तक्रार दिली, अफवा पसरवतात म्हणून. ग्रुप काढणारा विष्णू, तेव्हा पोलिसांनी त्याला बोलावून फोन ठेवून घेतला आणि म्हणाले, कुलपाचा नंबर सांग, उघड.

"मी नंबर सांगितलो नाही, मावशे. ते म्हणायलेत, शुक्रवारी ये, तवर विचार कर. फोन उघडला की ताई गेल्या. त्यांचा आवाज हाय त्याच्यात."

मी भ्यालेच होते. पण वर दाखवून कसं चालेल? मी पोक्तपणे म्हटलं, "नाही सांगितलास ते बरं केलंस. तुझ्या डोक्यातला नंबर कुणी उपटून काढत नाही. आपण लेखी हुकूम मागायचा." आणि त्याला आमच्या निवेदनातले दोन परिच्छेद वाचून दाखवले. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बुधवार, चाकण

थेरगाव ते चाकण म्हणजे कागदावर जवळ. प्रत्यक्षात आम्ही दोन बस बदलून, मोशीच्या पुढे एका कंटेनरमागे इतका वेळ उभे होतो की त्याच्या मागची सगळी सूचनापाटी माझी पाठ झाली. बाहेर बघावं तर नव्याकोऱ्या गाड्या दोन मजल्यांच्या ट्रेलरवर चढून चाललेल्या, त्यांच्या मधून कांद्याचे टेम्पो. कांद्याचा आणि वंगणाचा असा मिळून एक वास सगळीकडे. डोंगर उघडेबोडके, पण त्यांच्या पायथ्यापर्यंत पत्र्याची छतं. मला मोकळ्या रानाची सवय, मला ते बघून गुदमरायला झालं.

चौकी कोणती ते सांगत नाही. साहेब तरुण होते आणि वागायला फार चांगले. हेच मला जास्त भीतीदायक वाटलं. ओरडणारा पोलीस मला माहीत आहे, त्याच्यापुढे मान खाली घालायची सवय आहे. ह्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

मी विचारलं, "साहेब, फोन जप्त केला त्याचा पंचनामा? पावती?"

"मॅडम, तुम्ही वकील का?"

"नाही. कोर्टात स्टेनो होते."

ते हसले. "मग तुम्हाला माहीतच आहे. जप्त कुठे केलाय? ठेवून घेतलाय. चौकशी चालू आहे. हा बघा, एकदम सेफ." त्यांनी ड्रॉवर उघडला. स्टेपलर, कुणाचं तरी लायसन, अर्धा बिस्किटचा पुडा आणि त्यात विष्णूचा फोन. पाकीट नाही, चिठ्ठी नाही, सील नाही. कुणीतरी तो चार्जही करून ठेवला होता. साहेबांनी उचलला तसा तो उजळला आणि आईचे न घेतलेले फोन वर दिसले. विष्णूने मान फिरवली.

मी म्हटलं, "ह्याला कोण कोण हात लावतं ह्याची नोंद?"

"मॅडम, इथे आम्हीच असतो."

पण तिथे फक्त तेच नव्हते. भिंतीच्या कडेला बाकावर गळ्यात कॉन्ट्रॅक्टरचं ओळखपत्र घातलेला एक जण बसला होता, घरच्यासारखा. मला बघून तो उठला आणि चक्क वाकून पाया पडला. "मावशी, मी दत्ता. आपल्याच भागातला. विष्णूच्या तोंडून लई ऐकलंय तुमचं. घाबरू नका, पोरगं चांगलं हाय, जरा कुणाच्या नादाला लागलं एवढंच." त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले. नाही म्हणायचा धीर झाला नाही.

तिथून आम्ही विष्णूच्या खोलीवर गेलो. रस्त्यात मी त्याला सांगत होते, अरे नंबर तुझ्या डोक्यात आहे तोवर ते सगळं सुरक्षित आहे. मला स्वतःलाच धीर देत होते म्हणा.

त्या भागात एका खोलीत आठ मुलं राहतात आणि खाटा चार. दिवसपाळीची चार कामावर गेली की रातपाळीची चार त्यांच्याच खाटांवर येऊन झोपतात. घरमालक म्हातारे, डोक्याला मुंडासं, दारातच कांदे पसरून बसलेले. म्हणाले, "खाट रिकामी म्हून न्हाई ऱ्हात बगा कधी. गरमच आस्तीया. पोरं गुणाची हायती. आमी त्रास म्हून न्हाई बघितला." आमच्याकडे परक्याच्या अंथरुणावर कुणी बसत नाही. इथे उशी तेवढी प्रत्येकाची आपली, नावाचे टाके घातलेली.

मेसमधून डबा आला. मटकीची उसळ, पोळ्या, पातळ वरण. मी खाली बसून जेवत होते, खाटांवर रातपाळीची तीन मुलं तोंडावर टॉवेल टाकून झोपलेली, चौथा आमच्याबरोबर जेवायला. खिडकीत एका ओळीत सात फोन चार्जिंगला. कारखान्यात फोन न्यायला बंदी आहे, फक्त क्वालिटीवाल्यांना मुभा, खराब मालाचे फोटो काढायला म्हणून. तेव्हा मुलं कामावर आणि फोन खोलीवर.

त्यातला एक फोन वाजून थांबला. जेवत असलेल्या त्या मुलाने डाव्या हाताने तो उचलला, टकटक चार आकडे दाबले आणि परत फोन लावला. "काकू, तो झोपलाय हो. जेवला, जेवला. उठला की सांगतो." फोन ठेवून दिला आणि पुन्हा पोळी मोडली.

माझा घास हातात राहिला. "अरे, तो फोन तुझा नाही ना?"

"नाही मावशी, सुरेशचा हाय."

"मग तुला त्याचा नंबर कसा माहीत?"

तो हसला. "अख्ख्या खोलीचा एकच नंबर हाय की."

मी विष्णूकडे बघितलं. विष्णू वरणात बघत होता. मग त्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी खोलीतल्या एकाचे वडील गेले. गावाकडून फोनवर फोन आले, निरोप आले. तो कामावर. खोलीतली मुलं जागी झाली तोवर फोन वाजायचा थांबला होता, आणि कुलूप असल्यामुळे ना परत लावता आला, ना निरोप वाचता आले. त्याला शिफ्ट सुटल्यावर कळलं. तोवर गावात सगळं उरकलं होतं. त्याने वडिलांचं तोंडही पाहिलं नाही. त्या दिवशी खोलीत ठरलं, सगळ्यांच्या फोनला एकच नंबर ठेवायचा. कुणाचं काही असलं तर जो जागा असेल त्याने बघायचं. नवा मुलगा राहायला आला की आधी त्याला हा नंबर देतात, मग पाण्याचा हंडा कुठे ते दाखवतात.

मला गहिवरून आलं. केवढी माया. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, खोली सोडून गेलेल्यांकडेही हा नंबर असणार. मी विचारलं, "ज्याचे वडील गेले, तो मुलगा कुठे आहे आता?"

"दत्ता? तो आता कॉन्ट्रॅक्टरकडं सुपरवायझर हाय. वेगळी रूम केलीया त्यानं."

"विष्णू! तू नंबर बदलला होतास ना रे?"

विष्णूने ताट बाजूला सारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी तरंगलं. "ध्यानातच नाही आलं मावशे. आमच्यात कुणी बदलत नाही."

पोलिसांना न सांगितलेला नंबर त्यांच्या बाकावर बसून मला चहा पाजत होता. मी पोक्तपणे वाचून दाखवलेले दोन परिच्छेद मला आठवले. न्यायाधीश, हुकूम, सांकेतिक कुलूप. अहो कसलं कुलूप आणि कसलं काय!

आता एकच गोष्ट करायची होती. दत्ताच्या डोक्यात यायच्या आत ताईंना सावध करायचं. पण ताईंचा नंबर कुणाला पाठ? विष्णूला त्याच्या आईचासुद्धा पाठ नाही. सगळे नंबर त्या ड्रॉवरमध्ये. कारखान्याच्या गेटवर जाऊन उभं राहावं, तर जो माणूस विष्णूबरोबर बोलताना दिसेल त्याच्यावर नजर. ताई देहूला राहतात आणि गुरुवारी कारखान्याला सुट्टी, एवढं विष्णूला माहीत होतं. आमच्याकडे सुट्टी म्हणजे रविवार. इथल्या कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. म्हटलं, उद्या देहू.

संध्याकाळी थेरगावात डांगे चौकाजवळ एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. शुभांगीच्या ओळखीचे रफिकभाई. दुकानात जेमतेम एक स्टूल, ते त्यांनी मला दिलं. मी नाव-गाव न सांगता अडचण सांगितली. त्यांनी डोळ्याचं भिंग वर सरकवलं आणि म्हणाले, "ताई, मेसेजचं कुलूप पक्कं असतं, वाटेत कुणी नाही वाचू शकत. पण फोनच उघडला तर पुढं काय राहतं? ज्याच्या हातात उघडा फोन, त्याच्या हातात सगळं." मग खाली वाकून हळूच विचारलं, "फोन चालू आहे ना? मग इथं बसून पुसून टाकतो. ह्या भावाने आपलं खातं उघडून द्यायचं. दोन मिनिटांचं काम. तिकडं फोन कोरा होऊन जाईल."

विष्णूने माझ्याकडे बघितलं. काय आशेने बघितलं असेल!

आणि मी नाही म्हटलं. मला कोर्ट दिसायला लागलं. पुरावा नष्ट केला म्हणून विष्णूवर गुन्हा, आता साधी चौकशी आहे ती खटला होईल, पोराचं आयुष्य जाईल. कायद्यात काय बसतं ते मला माहीत होतं. "नाही. आपण बेकायदा काही करायचं नाही," मी म्हटलं. रफिकभाईंनी खांदे उडवले. "तुमची मर्जी. पण ताई, समोरचा पण असाच विचार करत असेल का?" मी स्टुलावरून उठले. बाहेर चौकात खांबाखांबावर कॅमेरे होते. मी पदर डोक्यावरून घेतला आणि झपझप चालायला लागले. कशासाठी, देव जाणे.

गुरुवार, निगडी आणि देहू

निगडीच्या बसस्थानकावर मी शहाणपणा केला. कंडक्टरला म्हटलं देहू, तो म्हणाला बसा, आणि आम्ही बसलो. उतरल्यावर कळलं की हा देहूरोड. गाव वेगळं, कितीतरी आत. "नवीन माणूस हमखास चुकतो," रस्त्यावरच्या वडापाववाल्याने समजूत घातली आणि दोन गरम वडे दिले. विष्णू घड्याळाकडे बघत होता. मला त्या वड्याची चवसुद्धा आठवत नाही. पुढे आम्ही रिक्षा केली.

देहूत शिरलं की हवा एकदम बदलते. बुक्का, तुळशीमाळांची दुकानं, खाली इंद्रायणी. पाण्यावर जलपर्णी इतकी दाट की तिच्यावर बगळे चालत होते. एरवी मी घाटावर तासभर बसले असते. आता मला मागून चालणाऱ्या प्रत्येक माणसाची धास्ती वाटत होती. एक जण फोनवर बोलत दोन वळणं आमच्या मागे आला, मी विष्णूचा दंड घट्ट धरला. तो माणूस देवळाकडे वळला.

ताईंचं घर विष्णूला सापडलं. त्यांनीच दार उघडलं. चाळिशीच्या, ठेंगण्या, हाताला बेसन लागलेलं. विष्णूला बघून त्यांचा चेहरा उतरला, पण मी त्याची मावशी, उदगीरहून आले म्हटल्यावर म्हणाल्या, "या, या. बसा. सुट्टीचं मासवड्या केल्यात, जेवूनच जायचं." त्यांचे यजमान मुलांना घेऊन बाहेर गेले होते.

मासवडी म्हणजे मासळी नव्हे. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण घालून केलेल्या वड्या, बरोबर तिखटजाळ रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्याकडे हा प्रकार नाही. मला तो शिकून घ्यायचा होता, एवढा छान लागला. पहिला घास पोटात गेल्यावर विष्णूने सांगायला सुरुवात केली. फोन, ड्रॉवर, दत्ता, खोलीचा नंबर, माझं दिल्लीचं निवेदनसुद्धा. ताई ऐकत होत्या. मधे एकदा उठून त्यांनी विष्णूच्या वाटीत रस्सा वाढला.

"म्हंजी अजून उघडला न्हाई त्यांनी," त्या म्हणाल्या.

"अजून तरी नसेल," मी म्हटलं. "तुम्ही आजच एखाद्या वकिलाला..."

ताईंचा फोन वाजला. तो खाली, पाटाशेजारीच होता. आम्हा तिघांनाही दिसला. वर नाव आलं होतं, विष्णू.

विष्णू माझ्या समोर बसला होता. त्याची पाची बोटं रश्श्याने माखलेली होती.

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. मी खुणेने नको नको म्हणत होते. ताईंनी डाव्या हाताच्या बोटाने तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"ताई, मी दत्ता. जेवण झालं का?"

"चाललंय."

"बरं बरं, जेवा निवांत. हा नंबर तुमचाच हाय का, तेवढंच बघायलो होतो. ठेवतो."

विष्णू ताटावरच हुंदके द्यायला लागला, "चुकलं ताई, माझं चुकलं." मला राहवलं नाही, मीही कबूल केलं. काल फोन पुसता आला असता, मीच पुसू दिला नाही, कायद्याच्या भीतीने.

ताईंनी फोन पालथा ठेवला. रागावतील, हाकलून देतील असं वाटलं. मग म्हणाल्या, "तुमी कायद्याला भ्यालात मावशी. ते न्हाई भ्याले." आणि थोड्या वेळाने, "तुमचा तो दिल्लीचा अर्ज हाय म्हनला ना विष्णू? त्याच्यात माझं नाव घाला. पुरतं नाव, कामाचं खातं, सगळं."

"अहो, भलतंच काय! तुमचं नाव लपवायलाच तर आलो आम्ही."

"लपलं का?" त्यांनी फोनकडे बोट केलं. "त्यांनी चोरून घेतलं. तुमाला मी देतीया. ह्यात फरक हाय का न्हाई?"

मी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा हो म्हणाल्या. मग मी वहीत त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं आणि त्यांनी खाली सही केली. बेसनाचा डाग पडला कागदावर.

उदगीर

शुक्रवारी चौकीत विष्णूला फोन परत दिला. नंबर कुणी विचारला नाही. विचारायची गरजच उरली नव्हती. पुढच्या आठवड्यात त्याला कामावरून कमी केलं. ताईंची खात्यातून बदली झाली, गोदामात, एवढंच कानावर आलं. ती बोटं गेलेल्या कामगाराच्या कागदावर अजून मोटारसायकलची चेनच आहे.

आमचं निवेदन पुरं झालं, पहिल्याच पानावर ताईंचा जबाब. पाकीट चिकटवलं आणि मी ते कपाटात ठेवून दिलं. आज टाकते, उद्या टाकते. मुख्याध्यापक रोज विचारायचे, मी गुडघ्याचं निमित्त सांगायची. खरं तर माझी छाती होत नव्हती. एका बाईचं नाव मी माझ्या हाताने सरकारच्या टेबलावर ठेवायचं? त्याचं आणखी काय होईल, कुणी सांगावं?

विष्णू माझ्याकडेच राहायला आलाय. परवा त्याला ते पाकीट दिसलं. त्याचं माझ्याशी कधी वर आवाजात बोलणं नाही, पण म्हणाला, "मावशे, नाव त्यांचं हाय. द्यायचं का नाही ते त्यांनी ठरवलंय. तू कोण अडवणारी? एकदा अडवलीस तेवढं बास झालं."

काल गेले पोस्टात. रांगेत माझ्या मागे चार माणसं. खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनाला ठेवलं, पत्ता वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "पाठवणाऱ्याचा मोबाइल नंबर सांगा."

मी पाकिटाकडे बघितलं. मागच्याने घसा खाकरला. मुलगी कीबोर्डवर बोटं टेकवून वाट बघत होती.

मी सांगितला. एकेक आकडा सुटा करून, मागच्या चौघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.